खातं उघडण्याआधी शुल्कांचा तक्ता बघा

रोजच्या व्यवहारांसाठी खातं उघडताय, तर व्याजदरावर अडून बसू नका. अशा खात्यात पैसा फार काळ राहत नाही, त्यामुळे खरा फरक शुल्कांनी पडतो. किमान शिल्लक रोजची धरतात की महिन्याची सरासरी, हे काउंटरवर स्पष्ट विचारा. सरासरी असेल तर चार दिवस खातं रिकामं राहिलं तरी पुढे जास्त रक्कम ठेवून भरून काढता येतं. रोजची असेल तर तेवढी मोकळीक नाही.

नवखे हमखास अडकतात ते दुसरीकडेच. ॲपमध्ये दिसणारी सगळी शिल्लक खर्चायला मोकळी नसते. तुम्ही दिलेला चेक समोरच्याने अजून भरलेलाच नसतो, पाच तारखेचा हप्ता कापला जायचा असतो. हे आधी वजा करा, मग उरलेलं तुमचं. चेक परत गेला की दंड तर बसतोच, पण समोरच्याचा विश्वासही जातो, आणि मला ते नुकसान जास्त मोठं वाटतं. जमलं तर हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी घ्या.

एसएमएस चालू ठेवा. अनोळखी रक्कम कापली गेली, तर त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या.