साखर एकटी वाचू नकोस

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या आयटी कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या त्या चौतीस वर्षांच्या तरुणाने रिपोर्ट पुढे करून 'मला डायबिटीस आहे की नाही, तेवढे सांगा' असे विचारले आणि तुला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना, ही अडचण मला कळते. उपाशीपोटीची साखर 108, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 5.9, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आहे, यात वाद नाही. पण साखर उतरवणारी मेटफॉर्मिनची गोळी द्यायची की सहा महिन्यांनी बोलवायचे, या प्रश्नावर तू पत्रात दीड पान लिहिलेस आणि 134/86 रक्तदाबापुढे मात्र नुसते 'ठीक' लिहून मोकळी झालीस, याचा मला राग आला. साखर एकटी वाचू नकोस.

रिपोर्टचे दुसरे पान पुन्हा काढ. एकूण कोलेस्टेरॉल 196 आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118 पाहून तू निश्चिंत झालीस. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 220 आहे आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, अवघे 34. एकूणातून एचडीएल वजा केलेस, तर 162 उरतात. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना नुसत्या एलडीएलपेक्षा या वजाबाकीवर विश्वास ठेवावा, कारण धमनीच्या भिंतीत शिरून साचणारे सगळे कण तिच्यात धरले जातात.

हे वेगवेगळे आजार नाहीत. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि त्या जोरावर साखर बरीच वर्षे आटोक्यात दिसते. पण त्याच काळात यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडत राहते, एचडीएल घसरते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्येच हे सगळे एकत्र मांडले होते. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेवर, म्हणजे 126 वर, पोहोचेपर्यंत हृदय थांबून राहत नाही.

'वजन 66 किलो, लठ्ठ नाही,' असेही तू लिहिले आहेस. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2004 मध्ये छापली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या माणसांचे वजन असे फसवते, म्हणून कंबर मोजायची, आणि तीही पँटच्या पट्ट्यावर नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर. पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 ही आपली मर्यादा. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब आणि साखर या पाचांपैकी तीन खुणा बिघडलेल्या असल्या, की या एकत्रित दोषाचे, मेटाबॉलिक सिंड्रोमचे, निदान करायला पुरतात. या मुलात कंबर न मोजताच चार भरल्या आहेत!

आता तुझे मेटफॉर्मिन. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाकडे जाण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने जवळपास तितकेच, आणि दोन्ही एकत्र देऊन वेगळा फायदा दिसला नाही. गोळी देणे चूक नाही. पण तिने रक्तदाब उतरत नाही, आणि तंबाखू तर सुटत नाहीच. रोजचे भरभर चालणे, रात्रपाळीतला वडापाव आणि गोड चहा कमी करणे, जेवणात भात थोडा आणि उसळ जास्त घेणे, यांचा परिणाम सगळ्याच आकड्यांवर होतो. त्यासाठी अर्धा तास खर्च करून बोलावे लागते.

तेवढा वेळ देत असल्यामुळे ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्याबाहेर बसलेले लोक कंटाळून उठून जात आणि कंबर मोजायची टेप सतत जवळ असे म्हणून बरोबरीचे डॉक्टर मला 'टेपवाला' म्हणत. याची खंत होती, मुलांच्या फिया भरताना जास्तच होती, आणि खोटे कशाला बोलू, अजूनही आहे. तरीही उद्या पुन्हा दवाखाना उघडला, तर मी टेप खिशात घेऊनच बसेन. मी हट्टी होतो असे म्हणणाऱ्यांनी रुग्णांच्या कमरा कधी मोजल्या नव्हत्या, एवढेच मी म्हणेन.

त्याला या आठवड्यातच बोलाव. पाच मिनिटे शांत बसवून दोन्ही दंडांवर रक्तदाब घे, घोरतो का ते त्याच्या बायकोला विचार, आणि वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का, याची नीट चौकशी कर. उत्तरे आली की मला फोन कर. दुपारी दोन ते चार मी झोपलेला असतो, ती वेळ सोडून.