ब्रेक जरूर बदला, पण पॉलिसीवर कर्ज काढून नको

डॅलसजवळच्या प्लेनोहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४१, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, पगार वर्षाला दीड लाख डॉलर, एच-१बी व्हिसा. पत्नी घर आणि दोन मुलं सांभाळते. घराचं कर्ज ३,२०,००० डॉलर शिल्लक, घरखर्च महिन्याला साडेआठ हजार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी १९६३ ची फोर्ड फाल्कन रँचेरो १६,५०० डॉलरला घेतली. पुढून कार, मागून उघडा ट्रक. आधीच्या मालकाने मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून ३०२ घनइंची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं, गाडीची उंची कमी केली, रंग बदलला. चाकं आणि ब्रेक मात्र जसेच्या तसे ठेवले: चार नटांची १३ इंची चाकं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आता पाच नटांची चाकं आणि पुढे डिस्क ब्रेक बसवायला गॅरेजने ९,००० डॉलरचं कोटेशन दिलं आहे.

त्यांचा प्रश्न एवढाच: "हे पैसे माझ्या आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याच्या) पॉलिसीवर कर्ज काढून उभे करू, की क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या पतसंस्थेचं) वैयक्तिक कर्ज घेऊ? एजंट म्हणतो पॉलिसीवरचं कर्ज फुकटच पडतं. काम झालं की गाडी ३५,००० ला सहज जाईल. कंपनीचं ४०१-के (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मी घेतलेलं नाही. बाजार पडला तर काय? पॉलिसीत निदान पैसे शून्याखाली जात नाहीत."

शेवटची तीन वाक्यं वाचून मी पत्र खाली ठेवलं. नऊ हजारांचा प्रश्न विचारताना तुम्ही त्याच्या कैकपट मोठं भोक दाखवून दिलं आहे. पण आधी ब्रेकचं सांगतो, कारण त्यात जीव गुंतलेला आहे.

ब्रेक बदलायलाच हवेत. फाल्कनमध्ये फोर्डने दिलेलं १७० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन १०१ अश्वशक्तीचं होतं. तुमच्या गाडीतलं व्ही-८ त्याच्या जवळपास दुप्पट जोर देतं, आणि तिला थांबवायचं काम अजून त्या छोट्या इंजिनासाठी बनवलेल्या ड्रमांवर आहे. लागोपाठ दोन-तीनदा जोरात दाबले की ड्रम तापतात, फुगतात, पेडल खाली जायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे १९६३ च्या या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) एकेरी आहे. चारही चाकांना तेल एकाच टाकीतून जातं. एक रबरी होज फुटला तर चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी सिलिंडर अमेरिकी गाड्यांत सरसकट आला तो १९६७ च्या मॉडेलांपासून. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की दर रविवारी धाकट्या लेकीला याच गाडीतून मराठी शाळेत नेता. ते आजपासून बंद करा. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा-तपासणीही उठली आहे. त्यामुळे तुमचे ब्रेक तुमच्याशिवाय दुसरं कोणी तपासणार नाही.

तर खर्च योग्य आहे. सगळा नाही. तुम्ही पाठवलेलं कोटेशन असं: पुढचं डिस्क किट १,४००, दुहेरी मास्टर सिलिंडर, पाइप आणि व्हॉल्व्ह ५००, पाच नटांचा मागचा एक्सल १,९००, १७ इंची शोभेचे रिम आणि टायर २,६००, मजुरी २,६००. यातला रिमचा आकडा हौसेचा आहे. साधे लोखंडी पाच नटांचे रिम आणि चांगले टायर ९०० च्या आसपास बसतील, म्हणजे काम ७,३०० मध्ये होईल. रिम घेण्याआधी ते डिस्कच्या कॅलिपरला अडत नाहीत ना, एवढं गॅरेजकडून पाहून घ्या. भागांसाठी जादा पैसे मोजायचंही कारण नाही. एप्रिल १९६४ मध्ये आलेली मस्टँग या फाल्कनच्याच सांगाड्यावर उभी होती, आणि व्ही-८ मस्टँगला चाकं पाच नटांचीच होती. तिचे भाग आजही ढिगाने बनतात. गॅरेजवाला 'खास रँचेरोसाठी' म्हणून काही महाग दाखवत असेल तर मस्टँगच्या भागाचा दर विचारा.

गाडी ३५,००० ला जाईल ही आशा मात्र सोडा. सोळा-साडेसोळा अधिक नऊ, म्हणजे साडेपंचवीस हजार घालून वर साडेनऊचा नफा? ब्रेक चांगले आहेत म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही, वाईट असतील तर कापून घेतो. त्यात तुमच्या गाडीचं इंजिन बदललेलं, उंची बदललेली. मूळ रूपातली गाडी शोधणाऱ्याला ती नको, आणि स्वतःच्या मनासारखी बनवून घेणाऱ्याला दुसऱ्याची आवड नको. घातलेल्या पैशातले निम्मे परत आले तरी चांगलं म्हणा. ही हौस आहे आणि हौसेला मोल असतं. पण तिला गुंतवणूक समजलात की पुढचा प्रत्येक खर्च तुम्हाला योग्यच वाटायला लागेल.

आता पॉलिसी. अमेरिकेतून येणाऱ्या पत्रांत ही आययूएल मला इतक्या वेळा भेटते की मन विषण्ण होतं. बहुतेकदा ती आपल्याच माणसाने विकलेली असते. तुम्हालाही ती गणेशोत्सवात ओळख झालेल्या, दिवसा दुसरी नोकरी करणाऱ्या एका सज्जनांनी दिली. तीन वर्षं महिना हजार डॉलर भरलेत, म्हणजे ३६,०००. विवरणपत्रावर खात्यात २७,००० दिसतात आणि आज बंद केली तर हातात येतील १४,२००. बाजार वर गेला असताना खात्यात नऊ हजार कमी का, हा प्रश्न तुम्ही तीन वर्षांत एकदाही विचारला नाही. ते नऊ हजार खर्चात गेले: प्रत्येक हप्त्यातून कापला जाणारा आकार, विम्याची किंमत, प्रशासन. विक्रेत्याचं कमिशन प्रामुख्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ठरतं, आणि ते भरून निघेपर्यंत तुम्ही पळून जाऊ नये म्हणून सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी लवकर मोडल्याचा दंड, लावलेला असतो.

'शून्याखाली जात नाही' हे अर्धसत्य आहे. निर्देशांक पडला तर त्या वर्षी व्याज शून्य मिळतं. पण विम्याची किंमत आणि आकार दर महिन्याला कापले जातातच, म्हणून त्या वर्षीचा परतावा शून्याखालीच जातो. विम्याची किंमत वयाबरोबर वाढतेही. या शून्याच्या मोबदल्यात तुम्ही काय दिलंत तेही पाहा. तुमच्या पॉलिसीत वाढीवर १० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती पुढे कमी करायचा हक्क कंपनीकडे आहे. २०१९ ते २०२४ ही सहा वर्षं घ्या. एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक वाढला अनुक्रमे साधारण २९, १६ आणि २७ टक्के, मग २०२२ मध्ये १९ टक्के पडला, नंतर २४ आणि २३ टक्के वाढला. शंभराचे झाले सुमारे २३५. लाभांश धरला तर अडीचशेच्या वर. तुमच्या नियमाने पाच वर्षं दहा-दहा टक्के आणि एक वर्ष शून्य, म्हणजे शंभराचे १६१, लाभांश नाही, आणि खर्च अजून कापायचाच आहे. त्या १९ टक्क्यांच्या पडझडीतून वाचण्यासाठी तुम्ही सत्तर-ऐंशी रुपये, माफ करा, डॉलर सोडून दिलेत.

एजंटने दाखवलेल्या तक्त्यात दरवर्षी ६.८ टक्के धरलेत. या तक्त्यांत काय दाखवावं यावर अमेरिकेत २०१५ मध्ये बंधन आलं, ते २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये आवळावं लागलं, यावरून काय ते समजा. त्याच कागदावर शेजारी 'गॅरंटीड' असा दुसरा रकाना आहे. तो तुम्हाला कोणी वाचून दाखवला नाही. त्यात तुमच्या ६३ व्या वर्षी पॉलिसीची किंमत शून्य आहे.

'फुकट कर्जा'चंही तसंच. पैसे विमा कंपनी देते, तुमची रक्कम तारण राहते आणि कर्जावर व्याज चढतं. साडेपाच टक्क्यांनी ९,००० वर वर्षाला पाचशे. निर्देशांक पडलेल्या वर्षी व्याज शून्य, कर्जाचे पाचशे वजा, आकार वजा. १४,२०० पैकी ९,००० उचलल्यावर मागे राहतात ५,२००. त्यात नोकरी गेली आणि चार-सहा हप्ते चुकले तर पॉलिसी बंद पडायला वेळ लागणार नाही.

या सगळ्याच्या बदल्यात विमा आहे चार लाखांचा. एकट्याच्या कमाईवर चौघं, त्यात घरावर तीन लाख वीस हजारांचं कर्ज. उद्या तुम्हाला काही झालं तर कर्ज फेडून पत्नीच्या हातात ८०,००० उरतील, म्हणजे जेमतेम नऊ-दहा महिन्यांचा घरखर्च. महिना हजार डॉलर भरून तुम्ही कमी विमा घेतला आहे! तब्येत चांगली असेल आणि सिगारेट नसेल तर दहा लाखांचं २० वर्षांचं टर्म (बचत नसलेला निव्वळ विमा) महिन्याला शंभरच्या आसपास मिळेल.

आणि ४०१-के. कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमच्या रकमेच्या निम्मे घालते. तुम्ही वर्षाला ९,००० घाला, कंपनी ४,५०० घालेल. तीन वर्षांत १३,५०० डॉलर तुम्ही सोडले. हा तुमचा पगार होता, फक्त तुम्ही उचलला नाहीत. बाजाराची भीती वाटते ना? एका वर्षाचे तुमचे ९,००० आणि कंपनीचे ४,५०० मिळून जे १३,५०० होतात, त्यातले एक तृतीयांश बुडाले तरी तुमचे ९,००० शाबूत राहतात, शिवाय २२ टक्क्यांच्या टप्प्यात त्या वर्षीचा दोन हजारांचा कर वाचलेला असतो. भारतात परतलात तरी खातं तुमचंच राहतं. अशा खात्यावरचा भारतातला करही पैसे काढेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय आहे. कंपनीचा वाटा किती वर्षांनी पूर्ण तुमचा होतो, ते एचआरला विचारून घ्या.

तेव्हा हिशेब असा. आधी टर्मसाठी अर्ज करा, वैद्यकीय तपासणी होऊ द्या, पॉलिसी हातात येऊन चालू होऊ द्या. त्यानंतरच आययूएल बंद करा. हा क्रम उलटा करू नका, मधल्या महिन्यात घर उघडं पडेल. २१,८०० डॉलर गेल्याचं दुःख होईल. मलाही ते लिहिताना बरं वाटत नाही. पण ते पैसे गेलेलेच आहेत, आणखी दहा वर्षं हजार-हजार भरून परत येणार नाहीत. एजंट अमेरिकी करकायद्याच्या कलम १०३५ खाली दुसऱ्या पॉलिसीत 'रोलओव्हर', म्हणजे पैसे तिकडे वळवणं, सुचवील. तिथे सरेंडर चार्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून स्पष्ट नाही म्हणा. भरलेल्यापेक्षा कमी मिळत असल्याने सरेंडरवर कर लागणार नाही.

महिन्याचे हजार असे वाटा: ४०१-के मध्ये ७५०, कर वाचल्यामुळे हातातून जातील सुमारे ५८०, टर्मचे १००, उरले ३२०. सरेंडरचे १४,२०० आणि बचतीचे ११,००० एकत्र ठेवा. २५,२०० म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. याला गाडीसाठी हात लावू नका. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत घरात रोख असणं म्हणजे पहिली मिळेल ती नोकरी घाबरून न घेणं.

मग ब्रेक कशातून? मार्चमध्ये कर जाऊन ६,००० बोनस येतो, तो तुम्ही एअर सस्पेन्शन आणि नव्या रंगासाठी राखून ठेवला आहे. तोच इथे लावा. बोनस अधिक चार महिन्यांचे ३२०, झाले ७,२८०. कर्ज नको, ना पॉलिसीचं ना क्रेडिट युनियनचं. सस्पेन्शन आणि रंग थांबू शकतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत आणि ती टाळता येणार नाही. या गाडीचा विमा तुम्ही टेक्सासच्या किमान मर्यादेचा घेतला आहे: एका माणसाच्या इजेला ३०,०००, एका अपघातात मिळून ६०,०००, मालमत्तेला २५,०००. एकेरी मास्टर सिलिंडरची व्ही-८ गाडी, आणि समोरच्याच्या इस्पितळाच्या बिलाला तीस हजार. वरचे पैसे तुमच्याकडे मागितले जातील. मर्यादा वाढवा, घराच्या विम्याबरोबर दहा लाखांची अंब्रेला पॉलिसी (गाडी आणि घराच्या विम्याची मर्यादा संपल्यावर वरचे दावे भरणारी) घ्या, ती वर्षाला काही शे डॉलरमध्ये मिळते. जुन्या गाड्यांसाठी ठरवलेल्या किमतीचा वेगळा विमा असतो तो घ्या, आणि त्यांना इंजिन बदलल्याचं, उंची कमी केल्याचं लेखी कळवा. तुमची नंबरप्लेट 'अँटिक'ची असेल तर नियमाने ती प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम, मिरवणूक अशा वापरासाठी आहे, रोजच्या ये-जा करण्यासाठी नाही. दाव्याच्या वेळी हा मुद्दा निघायला नको.

सोमवारी सकाळी पहिला फोन एचआरला करा, ४०१-के सुरू करायला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते का विचारा. दुसरा टर्मच्या अर्जासाठी. तिसरा गाडीच्या विमा कंपनीला. विमा कंपनीकडून आययूएलचा आजच्या तारखेचा, गॅरंटीड रकान्यासकट तक्ता मागवा आणि पत्नीबरोबर बसून वाचा, कारण त्या पॉलिसीवर वारस म्हणून नाव त्यांचं आहे. गॅरेजला मार्चची तारीख देऊन ठेवा. तोवर रँचेरो शेडमध्ये, बॅटरीची तार काढून.