पाटाचं पाणी आणि तुझी 'तपास'

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

रात्री तुझा मेसेज वाचला. लॅबच्या लिनक्सवर तू लिहिलेली 'तपास' ही कमांड तुझ्या खात्यावर झकास चालते, बाकी पोरांना मात्र 'कमांड नॉट फाउंड' येतं. गंमत म्हणजे यूएसआर-लोकल-बिन या डिरेक्टरीत 'एलएस' करून यादी काढली की त्यांनाही नाव दिसतं. आणि शेवटी तुझा प्रश्न, 'सर, सगळ्याला ७७७ देऊन टाकू का?' म्हणजे वाचायची, लिहायची, चालवायची सगळ्यांना मुभा. देऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं तर 'हो सर, हो सर' करून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहायला बसलो.

आधी एवढं कर. दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून 'तपास' पूर्ण पत्ता टाकून चालव, म्हणजे पहिल्या तिरक्या रेघेपासून. आता 'परमिशन डिनाइड' येईल. खरं दुखणं ते आहे. तू फाइल तिथे ठेवलेलीच नाहीस, फक्त सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी पाटी, टाकलीस आणि तिचं टोक तुझ्या होम डिरेक्टरीत आहे. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याच्या होमला ७५० परवानगी असते, म्हणजे परक्याला उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. बॅश, म्हणजे तुझी कमांड वाचणारा शेल, पाथमधल्या (कमांड शोधायच्या जागांच्या यादीतल्या) एकेका डिरेक्टरीत डोकावतो, तुझ्या लिंकमागे जातो, दार बंद दिसलं की वस्तू नाहीच असं धरून पुढे सरकतो. दारावर पाटी आहे, घराला कुलूप आहे. तुझ्याकडे किल्ली असल्यामुळे तुला ते कधी दिसलंच नाही.

माझे आजोबा पांझराकाठचे, फडाच्या, म्हणजे सामायिक पाटपाण्याच्या, गावातले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाणी सगळ्यांचं, पण चारी उघडायची ती पाटकऱ्यानं. स्वतःच्या वावराला पाणी हवं म्हणूनही आजोबांनी कधी पाटाला हात लावला नाही. ७५५ म्हणजे हेच बघ : वाचायला आणि चालवायला सगळे मोकळे, लिहायला एकच धनी. आणि तो धनी तू नाही, रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी. ७७७ दिलंस तर पहिल्या वर्षाचं कुठलंही पोरगं 'तपास'मध्ये एक ओळ घुसडेल आणि उद्या मी ती सुडोनं, म्हणजे रूट बनून, चालवली की त्याची ओळ माझ्या अधिकारानं पळेल. पोरगं वाईट असायलाही नको, नुसतं उत्साही असलं तरी पुरे.

तेव्हा सिमलिंक काढ आणि फाइल खरोखर तिथे ने. त्यासाठी 'इन्स्टॉल' नावाचीच कमांड आहे. सुडो लावून, एम पर्यायात ७५५ देऊन चालवलीस की नक्कल, मालकी, परवानगी तिन्ही एका फटक्यात होतात. यूएसआर-बिनमध्ये टाकू नकोस, ते घर पॅकेज मॅनेजरचं. लोकल हा शब्द तिथे उगाच नाही, आपण हातानं आणलेल्या वस्तूंची जागा ती.

पण तुझी 'तपास' पायथनची, आणि तिला लागणाऱ्या लायब्ऱ्या पुन्हा तुझ्याच होममधल्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये, म्हणजे लायब्ऱ्यांच्या वेगळ्या कप्प्यात. नुसती स्क्रिप्ट हलवून भागायचं नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिप, म्हणजे पायथनच्या लायब्ऱ्या बसवणारी कमांड, सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घालू देत नाही. ते टाळायला एक पर्याय आहे, त्याच्या नावातच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहिलंय. ज्यानं ते नाव ठेवलं त्याचे उपकार मान आणि तो वापरू नकोस. ऑप्ट नावाच्या डिरेक्टरीत 'तपास'साठी स्वतंत्र एन्व्हायरन्मेंट बनव, नवीनच बनव, आणि स्क्रिप्टही यूएसआर-लोकल-बिनऐवजी तिथेच बसव. तुझं जुनं उचलून नेलंस तर आत जागोजागी जुने पत्ते कोरलेले असतात. मग यूएसआर-लोकल-बिनमधून ऑप्टकडे सिमलिंक दे. तिथे ती चालेल, कारण ऑप्ट सगळ्यांना उघडं आहे.

नावाबद्दल एक. 'तपास' ठेवलंस ते फार बरं केलंस. दरवर्षी एक तरी मुलगा प्रोग्रामला 'टेस्ट' नाव देतो, एंटर मारतो आणि काहीच होत नाही म्हणून तासभर डोकं धरून बसतो. 'टेस्ट' शेलची स्वतःची कमांड आहे, तुमच्या फाइलपर्यंत गाडी जातच नाही. नाव ठेवण्याआधी 'टाइप'ला ए पर्याय देऊन बघायचं, त्या नावाचे कोण कोण आधीच गावात आहेत ते सगळं कळतं. पाथ डावीकडून उजवीकडे वाचला जातो, पहिला सापडेल तो खरा.

आता माझी फजिती ऐक. नोकरीच्या सुरुवातीला मला सगळ्या साधनांसाठी वेगळी डिरेक्टरी हवी होती. ईटीसीतल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला लागू होणाऱ्या फाइलमध्ये, मी पाथ लिहिला, आणि त्यात जुना पाथ जोडायचा राहिला. माझं उघडं टर्मिनल ठणठणीत होतं, मी चहाला गेलो. प्रॅक्टिकलची परीक्षा होती. परत येतो तर जो लॉगिन करेल त्याला 'एलएस' नाही, 'व्हीआय' नाही, 'जीसीसी' नाही. सगळं डिस्कवर जागच्या जागी, फक्त कुणालाच रस्ता माहीत नाही! बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघतायत आणि मी घामाघूम होऊन पूर्ण पत्ता टाइप करून एडिटर उघडतोय. तेव्हापासून सगळ्यांचा पाथ मी बदलत नाही, जो आधीच आहे त्यात वस्तू नेऊन ठेवतो. अगदीच लागलं तर प्रोफाइल-डॉट-डीमध्ये वेगळी छोटी फाइल, म्हणजे चुकलं तर तेवढीच उडवता येते.

क्रॉनवरून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, रात्री 'तपास' पळवणार असशील तर पूर्ण पत्ताच लिही. डेबियन-उबुंटूवर तुझ्या क्रॉनटॅबच्या (त्या कामांच्या यादीच्या) पाथमध्ये यूएसआर-बिन आणि बिन एवढंच असतं, लोकल नसतंच. आणि घरच्या विंडोजवर स्क्रिप्ट दुरुस्त करून आणलीस तर ओळींची शेवटं बघून घे. पहिल्याच ओळीला एक अदृश्य शेपूट चिकटतं आणि 'बॅड इंटरप्रिटर' किंवा तशीच काहीतरी बोंब होते.

सगळं झालं की स्वतःच्या खात्यावर बघून खूश होऊ नकोस. एक कोरं खातं बनव, कसलेही गट नको, कसलीही खास परवानगी नको. त्यावरून लॉगिन कर, 'तपास' लिही, एंटर मार. काय येतं ते जसंच्या तसं मला पाठव, फोटो नको, मजकूर.

आणि हो, आईला सांग, बिबड्या पोचल्या. अर्ध्या आम्ही कच्च्याच खाल्ल्या.

तुझा,
सर
धुळे