बाघचा जीवाश्म समुद्री अर्चिन: हेमिआस्टर की मेकास्टर?

तुमच्या आजोबांनी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, बाघच्या बाजूला असलेल्या मनावरकडून आणलेल्या दगडावर पाकळ्यांचं फूल आहे. हा समुद्री अर्चिनचा, म्हणजे कवचाच्या काटेरी समुद्री प्राण्याचा जीवाश्म. चिठ्ठीवर ‘हेमिआस्टर’ आहे, पण नव्या यादीत तीच जात ‘मेकास्टर’ म्हणून दिसते, मग खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

चिठ्ठी चुकलेली नाही, जुनी आहे. हेमिआस्टर ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, अगासिझ या शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मांडली आणि मेकास्टर पोमेल या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये. बाघच्या अर्चिनांवर डंकन या अभ्यासकाने लिहिलं ते १८६५ साली, तेव्हा त्याच्यासमोर मेकास्टर हे नावच नव्हतं. पुढे जात नव्या प्रजातीत गेली, तरी तिच्या दोन शब्दी नावातला दुसरा शब्द तोच राहतो. फक्त मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. यादीत असा कंस दिसला, की जात घर बदलून आली आहे असं समजायचं.

आता तुमचा नमुना. तो ओला करा आणि टॉर्च आडवा धरा. एक पाकळी खोबणीत असून बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसेल. ती पुढची बाजू. उरलेल्या चार पाकळ्यांच्या दोन जोड्या. मागची जोडी पुढचीपेक्षा खूपच आखूड असेल तर हेमिआस्टर, फरक कमी असेल तर मेकास्टरकडे कल. मग पाकळ्यांना वेढणारा बारीक, गुळगुळीत पट्टा शोधा. हा फॅसिओल. तो फक्त पाकळ्यांभोवती असेल तर हेमिआस्टर आणि मेकास्टर या दोघांचं कुल, म्हणजे प्रजातींचा मोठा गट, धरायचं. त्याला फाटा फुटून कडेने मागे, गुदद्वाराखाली जात असेल तर शिझास्टर या वेगळ्या प्रजातीचं कुल. माझ्या मते नुसत्या आकारावरून नाव देऊच नये. नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेल्या समुद्रातला हा जीव दगडांच्या भाराखाली चेपलेला असतो, त्यामुळे आकार फसवतो.

माती जुन्या टूथब्रशने आणि साध्या पाण्यानेच काढा. इंदूरला कॉलेजात असताना मी एक नमुना व्हिनेगरमध्ये टाकला होता. कवच कॅल्साइटचं, बुडबुडे आले आणि पाच मिनिटांत पट्टा पुसला गेला. त्याची जात आता कधीच ठरणार नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पट्टा झिजलेला असेल तर नुसतं ‘समुद्री अर्चिन’ लिहा आणि थांबा. आजोबांची चिठ्ठी मात्र दगडासोबतच ठेवा. कुठून आणला, हे फक्त तिच्यावर आहे.