विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि वेढमी

बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका पुढच्या खोलीत मुलांसाठी छोटं वाचनालय चालवतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. परवा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "अहो, दोन कप्पे केलेत. एकावर 'विज्ञानकथा' अशी पट्टी डकवली. दुसऱ्यात सगळी फँटसी आहे, त्यावर 'काल्पनिक कथा' लिहिलं. तर नातू विचारतो, आजी, मग विज्ञानकथा काय खऱ्या असतात? आता काय लिहू? आणि कोणी कोणी 'विज्ञान काल्पनिका' म्हणतात, ते जास्त बरोबर का?" जिन्यात अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं इथे.

नातवाचा मुद्दा बिनतोड आहे. 'काल्पनिक' दोन्ही कप्प्यांना सारखंच लागू पडतं, आणि तसं पाहिलं तर शेजारच्या कप्प्यातल्या सामाजिक कथांनाही. 'काल्पनिके'तही तीच गोम. त्यातून 'विज्ञानकथा' हा शब्द आता इतका रुळलाय की तो हलवायचं काही कारण नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. उलटं वाचा: ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. पुढे त्यांच्याच गोष्टींनी हा शब्द घरोघर पोचवला.

पण तो समास सोडवायचा कसा, ही खरी गंमत. 'विज्ञानाची कथा' असा षष्ठी तत्पुरुष धरला तर रेडियमच्या शोधाची हकिकतही विज्ञानकथाच ठरते. बाईंच्या त्या कप्प्यात मारी क्युरीचं चरित्र सापडलं ते यामुळेच. पुस्तक लावणाऱ्या पोराने समास सोडवला होता, फक्त भलत्या वाटेने. आपल्याला हवा तो मध्यमपदलोपी. शाळेतलं त्याचं ठरलेलं उदाहरण आठवा: पुरण घालून केलेली पोळी ती पुरणपोळी. तसं विज्ञान घालून केलेली कथा ती विज्ञानकथा. 'घालून केलेली' हे शब्द समासात गाळलेत, आणि सगळी मेख त्या गाळलेल्या शब्दांतच आहे.

पुरण काही पोळीवर ठेवून चालत नाही. ते उंड्यात भरायचं, तोंड मिटवायचं आणि कडेपर्यंत पोचेल असं लाटायचं. आमच्या शेजारच्या गुजराती काकी तुरीच्या डाळीची वेढमी, म्हणजे त्यांची पुरणपोळी, करतात, आमच्याकडे हरभऱ्याची डाळ. त्यावरून दर होळीला दोन्ही घरांत प्रेमाची जुंपते. पण आतलं पुरण काढून घेतलं तर उरेल त्याला वेढमीही कोणी म्हणणार नाही आणि पुरणपोळीही. कथेलाही हीच परीक्षा लावावी. विज्ञान काढून घ्या आणि बघा काय उरतं. मंगळावरची प्रेमकथा इथल्या पावागडला नेऊन ठेवली तरी जशीच्या तशी घडत असेल, तर ती नुसती पोळी. मग तिच्यात यानं कितीही उडोत.

एकच घटना दोन कप्प्यांत कशी वेगळी वागते पाहा. माणूस अदृश्य होतो. लोककथेत साधू अंजन देतो, राजपुत्र ते डोळ्यांत घालतो आणि दिसेनासा होतो. 'कसा?' असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर गोष्ट सांगणारी आजी रागावते. एच. जी. वेल्सने 1897 साली अदृश्य माणूस उभा केला तेव्हा मात्र त्याला सांगावं लागलं की शरीराचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाशाला किती वळवतं त्याचं माप, हवेइतका झाला, म्हणून प्रकाश ना वळत ना परतत. आणि एकदा असं कारण दिलं की वाचकाला उलटतपासणीचा हक्क मिळतो. प्रकाश सगळीकडून आरपार जातोय, तर डोळ्याच्या पडद्यावर तरी तो थांबणार कसा? म्हणजे हा माणूस आंधळाच हवा! शंका अगदी रास्त आहे, आणि ती वेल्सला विचारता येते. राजपुत्राला ती विचारणं हा निव्वळ आगाऊपणा.

म्हणून अंजनाला कायदाच नसतो असं मात्र नाही. ते पाण्याने धुतलं जातं असं साधूने आधी बजावलं असेल आणि राजपुत्र अख्खी नदी पोहून जाऊनही अदृश्यच राहिला, तर मुलं पुस्तक भिरकावतील. फरक एवढाच, की हा कायदा त्या गोष्टीने स्वतः केलेला असतो. विज्ञानकथेचा कायदा गोष्टीबाहेरून येतो, तुमच्याआमच्या जगातून. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात 'येर प्रपंचु हें विज्ञान' असं म्हटलंय. तिथलं विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, प्रपंचाचं ज्ञान. पण तो जुना अर्थ मला इथे फार सोयीचा वाटतो: विज्ञानकथा ह्याच प्रपंचात राहून काय ते करते, आणि दुसऱ्या कप्प्यातली कथा आपला वेगळा प्रपंच थाटते.

तर दुसऱ्या पट्टीवर लिहा 'अद्भुतकथा'. हा साधा कर्मधारय: अद्भुत अशी कथा. यात घालायचं काही नाही, अद्भुतपणा कथेच्या अंगचाच. शब्दामागे वजनही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा रस आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. हा रस कशाकशाने उपजतो त्याच्या यादीत भरताने माया आणि इंद्रजालाच्या पंगतीला विमानही बसवलंय. तेच विमान आज हरणीच्या विमानतळावरून सुटतं आणि उशीर झाला की आपण चिडतो. वस्तू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते ती अशी, शब्द न बदलता.

यावर कोणी म्हणेल, विस्मय तर विज्ञानकथेतही असतो. असतो ना. लहानपणी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. वर चालणाऱ्यांच्या चपलांच्या सावल्या आपल्या डोक्यावरून सरकतायत! मग वडिलांनी सांगितलं, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून ही काच. कळल्याने विस्मय कमी झाला नाही. फक्त आता तो बांधणाऱ्याच्या डोक्याचा वाटायला लागला. विज्ञानकथेतला विस्मय हा ह्या दुसऱ्या तऱ्हेचा.

बाकीचे उमेदवार मी का बाद केले तेही सांगतो. 'कल्पनारम्य' कानाला गोड, पण फँटसीतलं निम्मं जग रम्य नसतंच, अंगावर येणारं असतं. 'अद्भुतरम्य' हा शब्द समीक्षकांनी 'मुक्तामाला' (1861), 'मंजुघोषा' (1868) अशा जुन्या कादंबऱ्यांना देऊन टाकलाय, तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. 'परीकथा' म्हणावं तर त्यात परी हवी. ती मुळात फारशीतून आलेली पाहुणी आणि प्रत्येक गोष्टीत ती येईलच असं नाही.

'चमत्कारिक' शब्दाचं मात्र मला वाईट वाटतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' असं झोकात म्हणता येत होतं. आज चमत्कारिक माणूस म्हणजे विक्षिप्त माणूस, आणि चमत्कारिक वास आला की आपण फ्रीज उघडून बघतो. चमत्कार तसाच राहिला, चमत्कारिक घसरला.

आणि काही घरांत दोन्ही कप्प्यांना मिळून एकच नाव असतं: भाकडकथा. भाकड म्हणजे आटलेली, दूध न देणारी गाय किंवा म्हैस. चारा खाते, देत काही नाही. असं म्हणणाऱ्यांच्या घरात कादंबऱ्या असतातच. आता कादंबरी हा शब्द कुठला? बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथातल्या नायिकेचं नाव. त्या ग्रंथात पोपट राजाला गोष्ट सांगतो, गंधर्वकन्या आहेत, शाप आहेत, जन्मामागून जन्म आहेत आणि नायक म्हणजे खुद्द चंद्र. म्हणजे मराठीत अगदी रोखठोक वास्तववादी पुस्तकाच्या कपाळावरही एका अद्भुतकथेचंच नाव गोंदलेलं असतं. गुजरातीत त्यालाच नवलकथा म्हणतात, तेही वाईट नाही.

गुजरातीवरून आठवलं. बाईंकडे गुजराती मुलंही येतात, म्हणून पट्टीवर खाली त्यांच्यासाठी एक ओळ हवी असं त्यांचं म्हणणं. उच्चाराचं सोडा, आपण 'विद्न्यान' म्हणतो, ती मुलं 'विग्नान', कुठलंही चालेल. पण बाईंच्या नातवाने शाळेतल्या मित्रांना विचारून 'विज्ञानवार्ता' असं लिहून ठेवलंय. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट, तेव्हा त्याचं काही चुकलं नाही. मराठीत वार्ता म्हणजे बातमी. तो शब्द खालच्या ओळीत, गुजराती लिपीतच राहू द्या, वर देवनागरीत आणू नका. नाहीतर सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा सगळ्यात आधी त्याच कप्प्यात हात घालतील.