मेंटॉर म्हणतो 'सगळेच करतात', मग मी काय करू?

प्रश्न: मॅडम, मी काँप्युटर इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये 'मित्र शोधा' हे फीचर माझ्याकडे आलंय. पॉपअपमध्ये युजरला फक्त मित्र शोधण्यासाठी परवानगी मागतो पण त्याची अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट आमच्या सर्व्हरवर कायमची सेव्ह होते. मी विचारलं तर मेंटॉर हसला, म्हणाला सगळेच करतात. इथेच जॉब द्यायचं बोलतायत. हे फील्ड सोडून एथिक्समध्ये करिअर करू का?

उत्तर: अगं, फील्ड सोडायचं आधी डोक्यातून काढ. ज्यांना असलं खटकतं तेच निघून गेले तर कोड लिहायला उरणार कोण, तुझा मेंटॉर?

आणि 'सगळेच करतात' हे जुनंच आहे. 2012 ला पाथ नावाचं अॅप युजरला न विचारता आयफोनमधली सगळी अॅड्रेस बुक सर्व्हरवर पाठवतंय हे एका डेव्हलपरच्या लक्षात आलं, बोंबाबोंब झाली, कंपनीने माफी मागून तो डेटा डिलीट केला आणि त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस 6 या सिस्टीममध्ये कॉन्टॅक्टसाठी परवानगी विचारणारा पॉपअप आला. म्हणजे तुमची कंपनी ज्या पॉपअपच्या आडून हे करतेय तो असल्याच उद्योगामुळे आलाय.

खरी गोम वेगळीच आहे बघ. युजरने 'हो' दाबलं, ठीक, पण त्याच्या लिस्टमधल्या तीनशे लोकांचं काय? त्यांनी अॅप पाहिलेलंही नाही. कोणाचा डॉक्टर, कोणाची वकील, कोणी आधीच्या नवऱ्यापासून नंबर लपवून राहणारी. त्यांच्या वतीने 'हो' म्हणायचा हक्क कोणालाच नाही. 'आपण नंबर हॅश करून ठेवतो' (म्हणजे नंबरऐवजी त्यावरून गणिताने काढलेला, सहज उलटा न फिरवता येणारा कोड) असं सांगितलं तर गप्प बसू नकोस, फोन नंबरच्या शक्यता इतक्या मर्यादित असतात की सगळ्यांचे हॅश काढून मूळ नंबर शोधणं काँप्युटरला फार जड नाही.

आता करायचं काय. भांडू नकोस, टिकेटमध्ये (टीमच्या कामांच्या नोंदीत) लिही. दोनच ओळी, की पॉपअपमध्ये मित्र शोधणं एवढंच लिहिलंय पण डेटा कायम राहतोय, हे बरोबर आहे का, आणि त्यालाच जोडून पर्याय दे: युजरला हवे तेवढेच कॉन्टॅक्ट निवडू देऊ, मॅच झालं की बाकीचे लगेच पुसू. मी सात वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीत, तोंडी हसण्यावारी नेलेली गोष्ट लिहून आली की लोक एकदम सरळ बसतात (सगळे नाही, पण बरेच).

लिहून ठेवण्यात तुझाही फायदा आहे. फोक्सवॅगनचं 2015 ला बाहेर आलं ना, गाडी टेस्टला लावलीय हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. त्यातल्या जेम्स लियांग या इंजिनियरला तपासात मदत करूनही 2017 मध्ये अमेरिकेत 40 महिने जेल आणि 2 लाख डॉलर दंड झाला. त्याने सगळं माहीत असून केलं होतं, तुझी केस तेवढी मोठी नाही, घाबरवत नाहीये. पण 'वरून सांगितलं होतं' हे कोर्टात फारसं चालत नाही एवढं लक्षात ठेव.

एथिक्समध्ये करिअर असतं, पण फ्रेशरला नुसतं 'एथिक्स' म्हणून कोणी सहसा घेत नाही, आणि कोड न कळणाऱ्याचं डेव्हलपर ऐकत पण नाहीत, कटू आहे पण असंच आहे. प्रायव्हसी इंजिनियरिंग (युजरचा डेटा जपणारी सिस्टीम बांधणं), सिक्युरिटी टेस्टिंग, अॅक्सेसिबिलिटी (अपंगांनाही अॅप वापरता यावं हे बघणं), एआय मॉडेल कोणत्या गटाच्या बाबतीत जास्त चुकतंय ते तपासण्याचं काम, यातलं एक पकड. शेवटच्याला स्टॅटिस्टिक्स पक्कं लागेल. एसीएम या काँप्युटर क्षेत्रातल्या लोकांच्या संस्थेची 2018 ची आचारसंहिता नेटवर फुकट आहे, एका संध्याकाळी वाचून होईल, इंटरव्ह्यूला पण कामी येते.

जॉबचं म्हणशील तर आत्ताच हो-नाही काही बोलू नकोस. टिकेट टाक, आठ-दहा दिवस थांब, काय उत्तर येतं, कोणाकडून येतं ते बघ, आणि उत्तरच आलं नाही तर दुसरीकडे अप्लाय करायला सुरुवात कर.