६९ रुपयांचं होस्टिंग घेण्याआधी

तुमची गरज अशी दिसते: निवृत्त वडिलांचे लेख, तुमचे ट्रेकचे फोटो आणि मामांचं त्र्यंबक रोडवरचं होमस्टे, अशा तीन छोट्या साइट. महिन्याला ६९ रुपयांत होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) अशी जाहिरात दिसली, तिन्ही त्यात बसतात, तर घेऊन टाकू का? आणि शक्यतो नाशिकचीच कंपनी बघू का?

माझ्या मते तीनपैकी दोन साइटना पैसे देऊन होस्टिंग घ्यायची गरजच नाही. तिसरीला कदाचित लागेल, पण ६९चा आकडा बघून घेऊ नका.

त्या जाहिरातीचा तुम्ही स्क्रीनशॉट टाकलाय, त्यात खाली बारीक अक्षरात ‘४८ महिन्यांसाठी’ लिहिलंय. म्हणजे आजच ३,३१२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,९०८. त्याच्याच शेजारी नूतनीकरणाचा दर आहे ३४९ रुपये महिना. म्हणजे पाचव्या वर्षाचे जीएसटीसकट ४,९४२. आधीच्या चार वर्षांचे मिळून भरले त्याहून जास्त! यात फसवणूक नाही, सगळं लिहिलेलं असतं. धंद्याची रीतच तशी आहे: गिऱ्हाईक स्वस्तात आणायचं आणि साइट हलवायचा कंटाळा करणाऱ्याकडून पुढे वसूल करायचं. म्हणून मी कुठलंही होस्टिंग बघताना आधी हे बघतो की उद्या इथून निघायचं झालं तर किती त्रास होईल.

त्यासाठी डोमेन (साइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि होस्टिंग एकाच ठिकाणी घेऊ नका. ‘पहिल्या वर्षी डोमेन फुकट’ असलं तरी नको. डोमेन म्हणजे सातबारा, तो घरमालकाच्या कपाटात कोण ठेवतं? होमस्टेचं डोमेन मामांच्या नावावर आणि त्यांच्याच ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यात नको. पोरगं पुण्याला नोकरीला लागतं, फोन उचलत नाही, आणि मग पासवर्डसाठी धावाधाव होते.

कार्डावरच्या ऑटो-रिन्यूवरही विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे) नियम लागू झाले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांचं आपोआप होणारं नूतनीकरण आपल्या कार्डांवर बऱ्याचदा अडकतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावा. डॉट कॉमची मुदत संपली तर बहुतेक ठिकाणी काही आठवडे नेहमीच्या दरात सोडवता येतं. त्यानंतरच्या ३० दिवसांत मात्र जबर दंड पडतो, आणि तोही काळ गेला की नाव कुणीही उचलू शकतं.

आता एकेक साइट. वडिलांचे लेख सरळ ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या फुकट ब्लॉग सेवेवर टाका. जुनाट वाटेल, काही जण हसतीलही, पण वडील स्वतः मोबाइलवर मराठी टाइप करून लेख चढवणार असतील तर त्याच्याइतकं बिनकटकटीचं मला दुसरं काही दिसत नाही. स्वतःचं डोमेन जोडता येतं (डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कुठल्या साइटकडे न्यायचं हे सांगणाऱ्या यादीत, ‘सीनेम’ प्रकारच्या दोन नोंदी टाकाव्या लागतात, त्या ब्लॉगरच दाखवतो), एसएसएल (ब्राउझरमध्ये साइट ‘सुरक्षित’ दाखवणारी सोय) फुकट, अपडेटची भानगड नाही. सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोयही आहे. ती फाइल दर दिवाळीला उतरवून ठेवा.

ट्रेकच्या फोटोंसाठी स्टॅटिक साइट, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली पानं जशीच्या तशी दाखवणारी. साधी एचटीएमएल पानं करा किंवा ह्यूगोसारखं पानं तयार करून देणारं काही वापरा आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवांवर ठेवा. दोन्हीकडे फुकट. गिटहबवर साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते, क्लाउडफ्लेअरवर एक फाइल २५ एमबीहून मोठी चालत नाही. पण तुमचा खरा प्रश्न जागेचा नाहीच, फोटोंच्या आकाराचा आहे. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांचा फोनवर काढलेला फोटो ४-५ एमबीचा असतो. तो रुंदीला १,६०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह केला की साधारण ३०० केबीवर येतो आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. असे तीस फोटो एका पानावर, तेही मूळ आकारात टाकलेत, तर जगातलं सगळ्यात महाग होस्टिंगही तुमचं पान पटकन उघडून देणार नाही.

होमस्टेचं मामांवर अवलंबून आहे. खोल्यांचे फोटो, दर, नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढंच हवं असेल तर तीही स्टॅटिकच करा, फक्त क्लाउडफ्लेअरवर. गिटहब पेजेसवर धंद्याची साइट चालवायला त्यांच्या अटींनुसार परवानगी नाही. तारखांचं कॅलेंडर आणि ऑनलाइन बुकिंग हवंच असेल तर वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आलं, आणि मग पैशांचं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट.

ते घेताना मुंबईचं डेटा सेंटर (सर्व्हर ठेवलेली जागा) निवडा. सर्व्हर अमेरिकेत असला तर फोन ते सर्व्हर आणि परत अशा प्रत्येक हेलपाट्याला २०० मिलिसेकंद किंवा जास्त जातात, आणि एक पान उघडताना असे हेलपाटे बरेच होतात. त्र्यंबकला पावसात नेटवर्क एका काडीवर आलं की ते चांगलंच जाणवतं. ‘अमर्यादित जागा’ वाचून खूश होऊ नका, इनोडची मर्यादा विचारा, म्हणजे एकूण फाइल किती ठेवता येतात. वर्डप्रेस एका मोठ्या फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या सात-आठ फाइल करतं, त्यामुळे जीबी शिल्लक असताना इनोड संपतात. हा प्रश्न पैसे भरायच्या आधी, रात्री दहा-अकराला त्यांच्या चॅटवर टाकून बघा. आकडा सांगितला तर ठीक, नुसती लिंक चिकटवली तर पुढचा सपोर्टही तसाच असणार.

बॅकअप स्वतःचा ठेवा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअपही तिथेच ठेवलेल्या काहींचं सगळंच गेलं. वर्डप्रेससाठी अपड्राफ्टप्लस नावाचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे, त्याच्या फुकट आवृत्तीतून गुगल ड्राइव्हवर आठवड्याला प्रत पाठवता येते.

नाशिकच्या कंपनीबद्दल. माइल्सवेब ही होस्टिंग कंपनी आपल्या नाशिकचीच आहे, यादीत जरूर धरा, पण वरच्याच कसोट्या लावा. ऑफिस गंगापूर रोडला आहे की लिथुआनियात यावर साइटचा वेग ठरत नाही. सातपूरची ईएसडीएसही आपलीच, पण तिचं काम बँका आणि सरकारी खात्यांच्या क्लाउडचं, तुमच्या तीन पानांसाठी तिकडे जाऊ नका.

‘टॉप टेन होस्टिंग’ छाप लेखांवर वेळ घालवू नका, त्यातल्या बहुतेकांना प्रत्येक विक्रीमागे कमिशन मिळतं. शिवाय ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक ही तिन्ही नावं एकाच कंपनीची, न्यूफोल्ड डिजिटलची. म्हणजे तुलना तिची तिच्याशीच चालते.

मुदत एक वर्षाचीच घ्या, महिन्याचा दर जास्त पडला तरी. फक्त होमस्टेसाठी तारीख बघून घ्या: २०२७ च्या सिंहस्थात पावसाळ्याच्या सुमारास गर्दी असेल, नूतनीकरण किंवा सर्व्हर बदलणं त्याच महिन्यांत येता कामा नये. आणि होमस्टेचं नाव डॉट कॉम आणि डॉट इन दोन्हीत मोकळं आहे का ते आजच बघा. मोकळं असेल तर होस्टिंगचं ठरेपर्यंत थांबू नका, नाव आधी घेऊन टाका.